दीडवरचा काटा

गुरुवारी सकाळी तळाशी वाळू दिसली.
शिडीच्या उजव्या अंगाला, पाणी परत येतं त्या तोंडाखाली,
मूठभर. रांगोळीची चिमूट सोडता सोडता
कुणी दारावर बेल वाजली म्हणून उठून जावं, तशी.

पंप विकणारा फोनवरच म्हणाला, मोटर बदला.
त्याचा भाऊ म्हणाला, क्लोरीन वाढवा.
मी वाढवलं. पाणी ताकासारखं ते ताकासारखंच,
ऋजुताच्या टोपीचा निळा रंग तेवढा उडाला.

गंगापूर रोडला बंगल्यांत तलाव आहेत, ते उघडून बघणारं कुणी नाही.
मखमलाबादला मात्र गल्लीगल्लीत ठिबकवाले.
म्हणून पुंजाराम लभडे आला,
द्राक्षबागांचे फिल्टर धुऊन हात पांढरट पडलेला,
पान्हे पोराच्या जुन्या दप्तरात, त्यावर अजून इयत्ता चौथी.
"द्राक्षाला द्या नाहीतर त्यात पोहा," म्हणाला,
"पाणी गाळायचं म्हणजे वाळू आलीच."

आधी काहीच उघडलं नाही त्यानं.
टाकीला कान लावला.
मोटर चालू करायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा चालू.
"आता बंद. काटा कितीवर?"
दीडवर.
दीडवरच असतो, मी म्हटलं, दोन वर्षं रोज लिहिते.
वही आणून दाखवली:
दीड, दीड, गणपतीत दीड,
सासूबाई दवाखान्यात होत्या त्या आठवड्यातही दीड.
पानं उलटत राहिला. हसला नाही.
"मोटर बंद हाये ना, ताई. मग हा कसला जोर दाखवू राहिला?"

झाकण निघायला तास गेला.
वरची वाळू गुळाच्या ढेपेसारखी,
बोअरच्या जड पाण्यानं धरलेली,
आणि मधोमध एक बीळ, सरळ खाली गेलेलं.
"पाण्यालाबी कंटाळा असतो गाळून घ्यायचा.
वाट घावली की पळतं."
पातेल्यानं वाळू उपसली, घरातलं जुनं पातेलं, दुधाचं.
तळाशी आठ बोटांचा प्लॅस्टिकचा पंजा.
सातच बोटं धड. आठवं मुळापासून मोडलेलं,
तिथूनच वाळू निसटत होती.

"टाकीत आधी अर्धं पाणी भरायचं, मग वाळू सोडायची, हळू.
कोरड्या टाकीत गोणीच्या गोणी ओतली कुणी?"

वास्तुशांतीची दुपार. पाहुणे जेवायला बसलेले,
भटजींना दुसरीकडे जायची घाई,
संध्याकाळी पोरांना पाण्यात उतरायचंच होतं.
मी आणि माझा भाऊ, तीन गोण्या, सहा मिनिटं.
आत काहीतरी कट्‌ वाजलं होतं.

माहीत नाही, मी म्हटलं.

तो बरं म्हणाला, आणि नवं बोट बसवू लागला.

या वेळी आधी पाणी. मग वाळू, ओंजळी ओंजळीनं,
बाळाच्या डोक्यावरून पाणी सोडतात तशी.
मग उलटं पाणी मारलं.
काचेच्या छोट्या बोंडात आधी चहा दिसला,
मग तांदळाचं धुवण, मग नुसती काच.
मी पाइप पेरूकडे वळवला,
त्यानं तो न बोलता परत गटाराकडे वळवला.

जाताना पायरीवर बसून चप्पल झटकली.
"आठ-धा दिवस धुरकटच राहील. घाबरून सारखं धुवू नका.
नवी वाळू लई स्वच्छ असती, तिला गाळता येत नाही.
जरा मळली की मग धरती."

जुना काटा तो फेकणार होता, मी मागून घेतला.
स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय,
कशालाही जोडलेला नाही, दीडवर आहे.

रात्री वहीत लिहिलं: चालू असताना, पॉइंट आठ. बंद असताना, शून्य.
ऋजुता दारातून विचारत होती, उद्या उतरू का,
तिला थांब म्हटलं,
आणि खाली, तारखेच्या रकान्याबाहेर:
वाळू मी ओतली होती.